दोन्ही गोळ्या कडू

यातला शब्द न् शब्द खरा आहे. गळ्याची आण घेऊन सांगते, एक अक्षर पदरचं घातलं असेल तर जीभ झडून हातात पडो. माझ्या एरवीच्या गोष्टींत मगरी गप्पा मारतात आणि माणसं ढगावर गादी घालून झोपतात, ते सोडा. हिच्यात तसलं काही नाही. हिच्यात एक बाई माइकपुढे उभी आहे आणि बोलता बोलता तिचं वाक्य मधेच तुटलंय, बस.

वाक्य तुटलं ते चौथ्या रांगेत बसलेल्या माणसामुळे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, पाणी लावून बसवलेले केस. लग्नाला निघावं तसा तयार होऊन आलेला, आणि आपल्या घरचं पोर स्टेजवर असलं की लोक बघतात ना, तसा कौतुकाने तिच्याकडे बघत बसलेला. तो तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी येतील हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे बोलावणं गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांच्याच घरी गेलं होतं, त्यांच्याही गेलं असणार. पण दुकान बंद ठेवून ते येतील असं तिच्या मनात आलंच नाही. किंवा आलं होतं, आणि तिने त्या विचाराला दटावून खाली बसवलं होतं. "आज आपण इथे जमलोय ते," एवढं म्हणून झालं होतं आणि वाक्य तिथेच तुटलं. ती पेल्यातलं पाणी प्यायली. सभागृहातले लोक थांबले. दवाखान्यात येणाऱ्या माणसांना थांबायची सवय असतेच.

विद्यापीठाचं रुग्णालय होतं ते. तिथे आजार बरे करतात आणि आजारांवर नवीन काही सापडतं का ते शोधतातही, आणि हा शोध म्हणजे नक्की काय असतो ते चारचौघांना कळेल अशा भाषेत सांगायला ही बाई नेमलेली. आधी शाळेत भूगोल शिकवायची. नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ, त्यामुळे लांब बोलायची सवय. रुग्णालयात तिला सगळे समजावणारी बाई म्हणत. घरी मात्र ती धाकटी, केस पिकले तरी धाकटीच. तिचं काम तिला आवडायचं, ही खरी गोष्ट. घाबरलेल्या माणसांपुढे बसायचं आणि सांगायचं की हे बघा, नवं औषध आलंय, पण ते उपयोगाचं आहे की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, अगदी त्या मोठ्या डॉक्टरांनाही नाही. मग कळायचं कसं? तर निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी नकली, जिच्यात औषधच नाही. कोणाला कोणती ते नाणं उडवल्यासारखं ठरतं. घेणाऱ्याला सांगत नाहीत, देणाऱ्यालाही नाही, तपासणाऱ्यालाही नाही. कारण माणसाला कळलं ना, की मला खरी मिळाली, की तो कळल्यानेच अर्धा बरा होतो. इथे लोक मान हलवायचे पण डोळ्यांत काही उमटायचं नाही. मग ती चष्म्याची गोष्ट काढायची.

चष्म्याची गोष्ट भाऊजींची होती. त्यांचं चष्म्याचं दुकान. जेवताना एकदा त्यांनी आपला धंद्यातला खोडसाळपणा सांगितला होता: गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, विचारायचं, हे बरं की हे? मग भिंग काढल्यासारखं करायचं, बोटांनी जरा खडखड वाजवायचं आणि तेच परत घालायचं. "मेव्हणीबाई, काय सांगू, शंभरातले नव्वद म्हणतात, हां, आता कसं लख्ख दिसतंय." थोरली वाढता वाढता म्हणाली होती, "आणि उरलेले दहा?" "ते तुझ्यासारखे. ते म्हणतात, तेच घातलंत ना परत?" सगळे हसले होते. धाकटीने ती गोष्ट उचलली ती उचललीच. प्रत्येक सभेत सांगायची, आणि दर वेळी लोकांच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा.

आज तिने ती सांगितली नाही. चौथ्या रांगेकडे न बघता तिने आजाराबद्दल सांगायला सुरुवात केली. फुप्फुसं हळूहळू ताठ होत जातात, धुतलेला कपडा उन्हात विसरला की कसा कडक होतो, तशी. हे बोलताना तिला पोहण्याच्या तलावाचा तो वास आला, डोळे चुरचुरणाऱ्या औषधी पाण्याचा. थोरली तिथे मुलांना पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, केसांवर रबरी टोपी, आणि आवाज असा की काठावरून ओरडली तर बाहेर रस्त्यावरच्या गाड्या ब्रेक मारायच्या. पाण्याखाली जायची ती एवढा वेळ वर यायची नाही की नवीन मुलांच्या आया रडायला लागायच्या. मग दुसऱ्याच टोकाला डोकं काढून विचारायची, कोण मेलं का? असा श्वास. आणि त्याच बाईला पुढे स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत येताना मधे खुर्ची लागायला लागली. आधी एक खुर्ची, मग दोन. शेवटी घरात चालायला जागा उरली नाही, सगळीकडे खुर्च्याच, जसं काही रोज पाहुणे यायचे होते.

धाकटीला पोहायला तिनेच शिकवलं होतं. पोटाखाली हात धरायची, तळहात पसरून, आणि म्हणायची, हात आहे गं, मार पाय, हात आहे. त्या हातावर विश्वासून धाकटी पाय मारत राहायची. आणि एकदा तिने मान वळवून बघितलं तर थोरली लांब काठावर उभी, टॉवेलने कान पुसत, आणि तिथूनच सांगतेय, हात आहे गं, हात आहे. तेव्हा धाकटी बुडाली. नाकातोंडात पाणी गेलं, आठवडाभर तिने बहिणीशी अबोला धरला. पण तिला पोहता येत होतं. बघेपर्यंत येत होतं.

"...तर अशा लोकांसाठी हे नवीन औषध आलं," समजावणारी बाई माइकमध्ये म्हणत होती, "आणि तुमच्या घरच्या माणसांनी त्या अभ्यासात भाग घेतला. कोणी बळजबरी केली नव्हती. कधीही बाहेर पडायची मुभा होती." ही वाक्यं तिच्या तोंडात गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. बहिणीपुढेही तिने हीच वाक्यं मांडली होती, बहिणीच्याच स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. थोरलीने सगळं ऐकून घेतलं होतं, एखादं पोर पहिल्यांदा उडी मारणार असलं की ऐकते तसं, डोळे बारीक करून.

"तू आत्ता नोकरीवर आहेस की घरी?" थोरलीने विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग त्या नोकरीवालीला जरा बाहेर बसव. बहीण म्हणून सांग. घेऊ का?"

आणि धाकटी म्हणाली होती, "निर्णय पूर्णपणे तुझा आहे, ताई."

"बघा हो," थोरली नवऱ्याला म्हणाली, "कशी बोलते. फडक्याने पुसून ठेवलेलं वाक्य काढून दिलं मला." मग खोकत खोकत हसली. "बरं, घेते. आमची धाकटी एवढं सांगतेय तर."

धाकटीने तेव्हाच म्हणायला हवं होतं की मी सांगत नाहीये, मी फक्त समजावतेय. पण ओट्याला टेकलेली असताना हे दोन्ही एकच वाटत होतं.

गोळी सुरू झाली. पहिला महिना गेला आणि एका दुपारी फोन आला, ताबडतोब ये. ती रिक्षाने गेली, वाटभर नको नको ते मनात. दारातच थोरली उभी, खुर्चीचा आधार नाही, आणि चेहरा असा की पेढे वाटायचे बाकी आहेत. "चावली," म्हणाली. "काय?" "गोळी. चावून बघितली. कडू, जहर कडू, अजून जीभ आत ओढली जातेय. खोटी असती तर खडूसारखी लागली असती. खरी आहे गं. मला खरी मिळालीय." भाऊजी मागे उभे राहून हसत होते. "दोन पेले सरबत प्यायली वरून," ते म्हणाले, "आणि जिना चढून गच्चीवर गेली. एकटी."

आता ऐका. नकली गोळीही कडू होती. मुद्दाम कडू करून घेतलेली. माणसं चावून बघतात, विरघळवून बघतात, हे संशोधन करणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून रंग सारखा, वजन सारखं, आणि कडूपणाही सारखा. ज्या बैठकीत हे ठरलं तिथे धाकटी बसलेली होती. मोठे डॉक्टर म्हणाले होते, आपले पेशंट काय कमी आहेत, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती. हे गुपित नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायला हरकत नव्हती. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"बरोबर ना?" थोरलीने विचारलं. "खरी आहे ना?"

"मला कसं ठाऊक असणार ताई," धाकटी म्हणाली. "ते कोणालाच ठाऊक नसतं."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. नंतर कितीतरी वेळा तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, कुठे खोट सापडत नव्हती. आणि तरी आयुष्यात ती जेवढं खोटं बोलली असेल त्या सगळ्याच्या वर ते जाऊन बसलं होतं.

समुद्राची गोष्ट त्यानंतरची. थोरली जन्मभर चार भिंतींतल्या पाण्यात पोहली. तळाला फरशी, कडेला पायऱ्या. समुद्रात कधी उतरली नव्हती. पोरं, नोकरी, सासू, एकामागून एक, राहून गेलं. आजार कळला तेव्हा तिने पहिलं हेच काढलं होतं, मला एकदा समुद्रात न्या. खोली बघून ठेवली होती, खिडकीतून पाणी दिसेल अशी. आणि मग गोळी कडू निघाली. एका संध्याकाळी तिघं बसलेली असताना भाऊजी म्हणाले, "आता औषध लागू पडतंय तर घाई कशाला? हाडं वाजतायत, चालताना धाप लागते, अशात जाऊन करायचं काय? पुढच्या वर्षी जाऊ. नीट श्वास भरून." थोरलीने धाकटीकडे बघितलं. म्हणाली, "काय गं, जाऊ की थांबू?" धाकटी सफरचंद सोलत होती. साल न तुटता लांबच लांब निघत चालली होती, आणि तिने सगळं लक्ष त्या सालीवर ठेवलं. "तुम्ही ठरवा," म्हणाली. ठरलं. पुढचं वर्ष आलं तेव्हा थोरली नव्हती. त्याआधी वर्षभर ती नेमाने तपासणीला येत राहिली. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात तंत्रज्ञ घड्याळ लावून तिला चालवायचे, नळीत फुंकायला लावायचे. उरलेला श्वास तिने तिथे खर्च केला, फरशीवर, आणि प्रत्येक फेरीला धाकटीच्या खोलीवरून जाताना आत डोकावून अंगठा वर करायची.

सभागृहात कोणीतरी खोकलं. वेळ आली होती. "निकाल सांगते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. "या औषधाचा उपयोग झाला नाही. ज्यांना खरी गोळी मिळाली आणि ज्यांना नकली, त्या दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. खरी घेणारे जास्त जगले नाहीत, त्यांचा श्वासही सुधारला नाही." ती थांबली. "तुमच्या माणसाला कोणती मिळाली होती हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल, त्यांनी मागच्या टेबलाशी नर्सबाईंना विचारावं. कानात सांगतील. नको असेल तर नका विचारू."

दुसऱ्या रांगेतली शाल पांघरलेली बाई म्हणाली, "म्हणजे आमच्या माणसांची दमणूक फुकट गेली म्हणायची."

याचं उत्तर तिच्याकडे होतं. नाही हेसुद्धा उत्तरच असतं. आता पुढे कोणाला हे औषध देऊन खोट्या आशेवर ठेवणार नाहीत. हे सगळं छापून येईल, जगातले डॉक्टर वाचतील. तिने ते सांगितलं, आणि ते खरंही होतं. शालवाली बाई म्हणाली, "असेल बाई," आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तेवढ्यात भाऊजी उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले. तिला ते कधी बाई म्हणाले नव्हते. "तुमचा हिशोब बरोबर असेल. पण सगळ्यांचं एक नसतं. माझ्या बायकोला फायदा झाला होता. गच्चीवर जायची. तिची खरी होती."

"कशावरून?" हे विचारलं ते मागच्या एका म्हाताऱ्याने. तो स्वतः अभ्यासात होता, नाकात नळी, शेजारी चाकांवरचं सिलिंडर. आधी बस चालवायचा.

"कडू होती," भाऊजी म्हणाले. "तिने चावून बघितली होती."

म्हातारा खुदकन हसला. "हात्तिच्या. मीपण चावली की. कारल्याची बहीण."

"आमच्या आईने दुधात विरघळवली होती," एक तरुण मुलगी म्हणाली. "सगळं दूध टाकून द्यावं लागलं."

"ह्यांचीही कडूच होती," शालवाली बाई वळून म्हणाली. "तीन दिवस मला तेच सांगत होते, कडू आहे म्हणजे चांगली आहे."

कोपऱ्यातून आणखी कोणी, भिंतीशी उभं असलेलं आणखी कोणी. कडू. आमचीही. आमच्या दादाचीही. पहिली काही मिनिटं सभागृहात हसू होतं, एकाच गावची माणसं परक्या स्टेशनवर भेटावीत तसं. किती जणांनी चोरून चावली होती ती गोळी, आणि प्रत्येकाला वाटत होतं ती चोरी आपल्या एकट्याचीच. "म्हणजे सगळ्यांना खरीच दिली की काय?" बसवाला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाच आवाज खाली आला. मग सगळ्यांची कडू म्हणजे काय, ते लोकांना उमजायला लागलं. एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं, रांगेमागून रांग, आणि शेवटी चौथ्या रांगेत उभ्या माणसापाशी पोचलं.

"नकलीही कडू करतात?" भाऊजींनी विचारलं.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

मोठे डॉक्टर पहिल्या रांगेतून अर्धे उठले आणि तसेच परत बसले.

"हो," ती म्हणाली. माइक सुरू होता. "ती गोळ्या घ्यायला लागली त्याच्याही आधीपासून."

भाऊजींनी मान हलवली, गिऱ्हाइकाचा नंबर कळला की हलवायचे तशी. ते काही वेळ उभेच राहिले. खाली बसायचं असतं हे विसरल्यासारखे. तिला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, आणि तिच्या तोंडात गुळगुळीत वाक्यांचा सगळा ढीग आला, एकही बाहेर पडेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझी बहीण होती ती." शालवाली बाई उठली, पुढे आली, आणि तिच्या हातातून माइक काढून टेबलावर ठेवला. "बस जरा," म्हणाली. "बस. पाणी पी." मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज यायला लागला. काही लोक नर्सबाईंच्या टेबलाशी रांगेत उभे राहिले, काही त्या टेबलाला वळसा घालून गेले. बसवाला सिलिंडर ओढत गेला, टेबलाकडे न बघता.

धाकटी बाहेर आली तेव्हा भाऊजी पायऱ्यांवर थांबले होते. टेबलाशी ते गेले नव्हते. तीही गेली नाही. दोघं बाजूबाजूला उभी राहिली, खाली रस्त्यावर बस येत-जात होत्या.

"तिला कळलं होतं," भाऊजी म्हणाले.

"काय?" धाकटीने विचारलं.

"त्या दिवशी तू सफरचंद सोलत होतीस ना. तू गेल्यावर म्हणाली, हिची साल कधी एवढी लांब निघत नाही. हिच्या पोटात काहीतरी आहे. बहुतेक दोन्ही कडू असणार, पण विचारू नका तिला, सांगताना मरून जाईल पोरगी." ते थांबले. "आणि समुद्राचं तू मनाला लावून घेऊ नकोस. ते तिनेच टाळलं. म्हणाली, वाळूतून पाण्यापर्यंत मला उचलून न्यावं लागेल, आणि उचलून नेलेली बाई समुद्रात उतरली काय आणि न उतरली काय." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती रडली, आणि ते म्हणाले, रडून घे.

आता तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. ठाऊक आहे, तुमच्या लक्षात आलंय. थोरलीने त्यांना आधीच सांगितलं होतं, तर मग सभेत सगळ्यांदेखत ते कशाला विचारतील, नकलीही कडू करतात का म्हणून. बरोबर आहे. तेवढं एक मी पदरचं घातलं. बाकी सगळं खरं, सभागृह खरं, गोळ्या खऱ्या, शालवाली बाईही खरी. पण भाऊजी पायऱ्यांवर थांबले नव्हते. ती बाहेर आली तेव्हा ते रस्त्यापलीकडे पोचले होते, आणि बस आली, आणि ते मागे न बघता चढले. पायऱ्यांवर ती एकटी उभी होती, आणि बराच वेळ उभी होती. म्हणून मी तिच्याशेजारी त्यांना आणून उभं केलं.